अठरा मिनिटांची शांतता

४ नोव्हेंबर

तीर्थरूप मामास,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट उघडण्याआधी तू ते कानाशी धरून हलवलं असशील. आत काही खुळखुळत नाही, नुसता कागद आहे. पण कागद महत्त्वाचा आहे, तेव्हा हाताचं ग्रीस पुसून मगच पुढे वाच.

मी पीएच.डी.ला अर्ज करतेय. जीवशास्त्राच्या ज्या संस्थेबद्दल मी चार वर्षं तुझं डोकं खातेय, तीच. जागा सहा, अर्ज चारशेच्या वर येतात म्हणे. शेवटची तारीख पंधरा डिसेंबर. मार्क बरे आहेत. उरलं एक उद्देशपत्र, म्हणजे मला संशोधन का करायचंय ते एका पानात, आणि तीन शिफारसपत्रं. दोन जमली. एक आमच्या सरांचं, ज्यांच्या प्रयोगशाळेत मी सध्या डासांच्या अळ्या मोजायची नोकरी करते; दुसरं कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मास्तरांचं. तिसऱ्याचं बघू.

खरी अडचण वेगळी आहे, आणि ती तुझी सख्खी बहीण आहे. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून मला कायम नोकरीचं पत्र आलंय. हो की नाही ते वीस डिसेंबरपर्यंत कळवायचंय. आई म्हणते, पाणी जगाच्या अंतापर्यंत तपासावं लागणार आहे. रातकिड्यांवाचून मात्र कुणाचं अडलेलं तिने अजून पाहिलेलं नाही. बाबा वर्तमानपत्रामागून हुंकारले. तो हुंकार कुणाच्या बाजूने होता ते कळायला तुझेच कान हवेत.

तू आईशी बोल. आणि सोबतचं उद्देशपत्र वाचून खरं खरं कळव. फोन करू नकोस. फोनमधून माणूस गाळून येतो, हे तुझंच म्हणणं.

माझ्यावरचा लोभ तसाच ठेवून थोडा आईच्या मनवळवणीत खर्च करावा.

तुझी,
भोंगा


८ नोव्हेंबर

चि. भोंगा हीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. हात पुसले, चष्मा पुसला, तुझं उद्देशपत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचलं, कारण डोळ्याला जे खपतं ते कानाला खपत नाही. दुकानात एक शिंपीणबाई दुरुस्तीला टाकलेला फ्रिज न्यायला आल्या होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि हळूच विचारलं, तुमच्याकडे कुणाचं निधन झालंय का.

लहानपणापासूनच तुला सजीव सृष्टीबद्दल अपार कुतूहल होतं, असं तू लिहितेस. अगं, लहानपणी शाळा सुटली की तू माझ्या दुकानात फ्रिजांच्या रांगेमागे बसून पाढे घोकायचीस, आणि झुरळ दिसलं की थेट टेबलावर. त्या किंकाळीवरून तर तुझं नाव भोंगा पडलं. सजीव सृष्टीला हे सगळं पाठ आहे. तिच्याशी खोटं बोलू नये.

माझ्याकडे दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. एक म्हणतं, फ्रिज बिघडलाय, बघा. दुसरं म्हणतं, दार लावलं की खालून टकटक होते, तीनदा होते आणि थांबते. पहिल्याचा फ्रिज आठवडाभर पडून राहतो, दुसऱ्याचा संध्याकाळी घरी जातो. तुझं पत्र पहिल्या गिऱ्हाइकाचं आहे. तुला नेमकी कसली टकटक ऐकू येते, ते लिही.

आता एक विचारतो, राग मानू नकोस. एम.एस्सी.ची दोन वर्षं तू रातकिड्यांवर काम केलंस. तेव्हा पत्रात दुसरं काही नसायचंच. मी गिऱ्हाइकांना फुकट रातकिडे शिकवू लागलो होतो. आणि या पानावर त्या दोन वर्षांची एक ओळ: कीटकांच्या वर्तनावर प्रकल्प पूर्ण केला. तोंडात टाचण्या धरून बोलणाऱ्या तुझ्या त्या मार्गदर्शक, टाचणीबाई, त्यांचं नाव शिफारशीत नाही, पानावर नाही, तुझ्या तोंडीही वर्षभर नाही. जुन्या फ्रिजला एकाच बाजूने नवा रंग दिसला की मी आधी तीच बाजू उघडतो.

ताईशी बोललो. म्हणजे ती बोलली, मी समोर होतो.

लोभ वाढावा, विशेषणं कमी व्हावीत.

तुझा,
मामा


१२ नोव्हेंबर

तीर्थरूप मामास,
शि. सा. न. वि. वि.

या वेळी पाकीट खुळखुळलं असेल. आत पेन ड्राइव्ह आहे, त्याचं शेवटी सांगते.

तू रंग खरवडलासच. तर ऐक.

तिसऱ्या मजल्यावर टाचणीबाईंची रातकिड्यांची खोली आहे. तिथे दिव्यांच्या वेळा उलट्या केलेल्या, म्हणजे आपली दुपार ही त्यांची रात्र. मी जेवून आले की ते गायला लागायचे. चाळीस डबे, चाळीस नर. चार महिने मी त्यांचं गाणं रेकॉर्ड केलं. आणि दिसलं असं की दर अठरा मिनिटांनी सगळेच्या सगळे एकदम गप्प होतात. मिनिटभर. मग पुन्हा सुरू. मला आकाश ठेंगणं झालं. रातकिड्याच्या अंगात अठरा मिनिटांचं घड्याळ आहे, असा शोध मी लावला! बाईंनी तीनदा विचारलं, खात्री आहे का. मी तीनदा हो म्हटलं. शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव माझं.

काही महिन्यांनी दुसऱ्या दोन प्रयोगशाळांनी तोच प्रयोग केला. त्यांचे रातकिडे अखंड गायले. कुणी गप्प झालंच नाही. आम्ही पुन्हा केला, तर आमचे पुन्हा गप्प. शेवटी बाईंनी निबंध मागे घेतला. मागे घेताना कारण द्यावं लागतं. आम्ही लिहिलं, कारण कळले नाही. बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. तोंडातल्या टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या आणि सही केली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता मी त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे आणि वर्षभर लिफ्टमध्ये पाऊल टाकलेलं नाही, न जाणो त्यांची गाठ पडली तर. पोटऱ्या मजबूत झाल्यात, एवढाच फायदा. संस्थेला हे कळलं तर मला दारातूनच परत पाठवतील. म्हणून ती एक ओळ.

पेन ड्राइव्हमध्ये एका दुपारचं रेकॉर्डिंग आहे. एक गाळलेलं, ज्यात खालची घरघर वगैरे काढून नुसतं गाणं ठेवलंय. माझा सगळा अभ्यास त्यावरच झाला. दुसरं कच्चं, जसंच्या तसं. तुला का पाठवतेय कुणास ठाऊक. तुला त्यांचं गाणं ऐकायचं होतं, म्हणून समज.

आईला यातलं काही सांगू नकोस.

लोभ कमी झाला असल्यास कळवू नये.

तुझी,
भोंगा


१७ नोव्हेंबर

चि. भोंगा हीस,
अ. उ. आ.

आधी गाळलेलं ऐकलं. गोड गातात लेकाचे. आणि अठरा मिनिटांनी, हेडमास्तर वर्गात शिरल्यासारखे चिडीचूप. मग कच्चं लावलं. त्यासाठी दुकानातले सगळे फ्रिज बंद केले, पंखा बंद केला, शटर अर्धं ओढलं आणि डोळे मिटून बसलो.

उभी असशील तर खाली बस.

तुझ्या त्या खोलीच्या भिंतीपलीकडे एक फ्रिज आहे. जुना, मोठा, एका दाराचा. त्याचा रिले गेलाय, म्हणजे कंप्रेसर जो हळूच चालू व्हायचा तो झटक्याने होतो. आधी ठक, मग घरघर. मागची जाळी भिंतीला टेकलेली आहे आणि पुढचा एक पाय आखूड असणार, म्हणून ठक झालं की फ्रिज भिंतीला धक्का देतो. ठक झालं की दोन सेकंदांत तुझे गवई गप्प. मी सात वेळा मोजलं. सातही वेळा ठक आधी, शांतता नंतर. मधलं अंतर अठरा मिनिटं.

घड्याळ आहे, पण ते रातकिड्यांच्या अंगात नाही. फ्रिजच्या अंगात आहे.

आता तू म्हणशील, मी चार महिने त्या खोलीत बसले, मला कसं ऐकू आलं नाही? मी दोन दिवस हाच विचार करत होतो. तू सात वर्षांची असल्यापासून बारा फ्रिजांच्या घरघरीत वाढलीस. दुसऱ्या कुणाला तो आवाज वाटतो, तुला ती शांतता वाटते. इतर कुठल्याही पोरीला तो फ्रिज पहिल्या दिवशी ऐकू आला असता. फ्रिजवाल्याच्या भाचीलाच तेवढा येणार नव्हता. आणि कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये जो काय उरला होता, तो तू कचरा म्हणून गाळून टाकलास. तेव्हा निम्मी चूक तुझी आणि निम्मी माझ्या दुकानाची.

पण हे माझं ऐकीव निदान झालं. झाकण उघडल्याशिवाय मी कधी पार्ट बदलत नाही. जा, तो फ्रिज बंद कर आणि ऐक.

आणि एवढं सांग, भिंत हलल्याचं त्यांना कळतं कसं? रातकिड्याला कान असतात तरी कुठे?

लोभ कमी झाला का म्हणून विचारलंस. रिले शाबूत आहे.

तुझा,
मामा


२४ नोव्हेंबर

तीर्थरूप मामास,
शि. सा. न. वि. वि.

तू एका बाबतीत साफ चुकलास. फ्रिज दोन दारांचा आहे.

बाकी सगळं, मामा, सगळं बरोबर! रविवारी गेले. सध्या रातकिडे सांभाळणाऱ्या मुलीने आत घेतलं. भिंतीपलीकडे नमुने ठेवायची खोली, तिच्यात तो फ्रिज, जाळी भिंतीला चिकटलेली, पुढच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. त्या मुलीने आतले नमुने बर्फाच्या पेटीत हलवले आणि आम्ही बटण बंद केलं. रातकिडे दोन तास दहा मिनिटं गायले. एकदाही थांबले नाहीत. बटण चालू केलं, ठक, गप्प. बंद, गाणं. चालू, गप्प. असं तीनदा. मी तिथेच जमिनीवर बसून इतकी हसले की ती मुलगी पाणी घेऊन आली.

मग आम्ही फ्रिज भिंतीपासून हातभर ओढला आणि पायांखाली स्पंज घातला. ठक तसाच ऐकू येत होता, पण रातकिडे गातच राहिले. म्हणजे ते ठक ऐकून गप्प होत नव्हते. पायाखालचा थरथराट त्यांना कळत होता. तू विचारलंस ना, कान कुठे? पुढच्या पायांत, गुडघ्याच्या जरा खाली. आणि तिथेच जमिनीचा थरथराट टिपणारं आणखी एक इंद्रिय असतं. आई तुझी अक्कल गुडघ्यात आहे म्हणते. तू त्यांच्या जवळच्या नात्यातला निघालास.

आता मला खरंच विचारायला प्रश्न मिळालाय. गाणं चालू असताना, स्वतःच्याच पंखांचा एवढा गोंगाट चालू असताना, पायातलं ते इंद्रिय इतका बारीक धक्का वेगळा ओळखतं कसं? उद्देशपत्र नव्याने लिहिलंय. ठकपासून सुरू होतं. मोठ्याने वाचूनही पाहिलं.

फक्त बाईंकडे जायचा धीर होत नाही. त्या निबंधाचा मी अर्जात उल्लेखच केलेला नाही. फॉर्मवर तिसऱ्या शिफारशीसाठी लिहिलंय की संस्थेबाहेरची, तुमच्याबरोबर एखाद्या प्रश्नावर काम केलेली व्यक्तीही चालेल. मी तुझं नाव दिलंय. त्यांचा कागद येईल तो भर. भर ना, मामा.

लोभाची तार अशीच थरथरती असावी.

तुझी,
भोंगा


२७ नोव्हेंबर

चि. भाऊस,
अ. आ.

तुम्हा मामा-भाचीचं काहीतरी शिजतंय. तिचा आठवड्यात दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा पाण्याच्या नोकरीचा विषय काढला की लाइन खराब. मागे तुझ्या दुकानात आले तर शटर अर्धं, सगळे फ्रिज बंद आणि तू आत डोळे मिटून बसलेला. मला वाटलं चक्कर आली. नाडी बघितली तर तू मला शूः म्हणालास. नाडी चांगली होती, डोक्याची खात्री देता येत नाही.

मी तीस वर्षं वॉर्ड सांभाळलाय. पेशंट तापमापक चहाच्या कपात बुडवतो की पंख्याखाली धरतो, ते मला दारातून कळतं. मुलगी हुशार आहे, ते तू मला सांगू नकोस, मी तिला जन्म दिलाय. पण वर्षभर तिचा चेहरा पडलेला आहे आणि कशाने ते ती सांगत नाही. ज्या कामाने चेहरा पडला, त्याच कामात तिला आणखी पाच वर्षं ढकलायची, तर माझी हरकत आहे. हरकत रातकिड्यांना नाही.

काय लपवताय ते वीस तारखेच्या आत मला कळलं पाहिजे.

घरचे सगळे खुशाल. तुझ्यावर लोभ आहे, विश्वास तूर्त नाही.

ताई


२९ नोव्हेंबर

माननीय प्रवेश अधिकारी यांस,
स. न. वि. वि.

आपला कागद मिळाला. रकाने लहान आहेत, म्हणून हे वेगळं पत्र.

उमेदवाराशी आपले नाते काय, या रकान्यात 'सख्खा मामा' असं लिहिलं आहे.

उमेदवार शंभरांत पहिल्या एकात, पाचात की दहात बसते, हे मला सांगता येणार नाही. मला भाची एकच. शंभर असत्या तर दुकान बंद करावं लागलं असतं.

माझं शिक्षण सातवीपर्यंत शाळेत आणि त्यापुढचं कंप्रेसरजवळ झालं. तेव्हा तिच्या विषयातलं मी बोलू नये. माझ्या विषयातलं बोलतो. आपलं निदान चुकलं असं कळल्यावर बहुतेक कारागीर गिऱ्हाइकावर खेकसतात. या मुलीला तिची चूक सापडली तेव्हा ती आनंदाने हसली, आणि मग चूक खरंच चूक आहे ना, ते तीनदा तपासलं. तीसेक वर्षांच्या धंद्यात असा कारागीर मला दुसरा भेटला नाही.

उणीव एकच. भिडस्त आहे. लिफ्ट असून जिने चढते.

आपला लोभ अजून जडलेला नाही, तो तिच्या कामाने जडावा.

आपला,
एक फ्रिज दुरुस्त करणारा


६ डिसेंबर

तीर्थरूप मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं शिफारसपत्र नामंजूर झालं. कार्यालयातल्या बाईंचा फोन आला. नात्यातल्या माणसाची शिफारस चालत नाही, रकान्यात कामाचं नातं लिहायचं असतं, म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या की त्यांनी ते पत्र सगळ्या टेबलांवर फिरवलं आणि तिसऱ्या शिफारशीला पंधरा तारखेपर्यंत वेळ आहे.

तू खरं तेच लिहिलंस. आडोसा मीच घेत होते, तुझ्यामागे. मग उठले आणि वर्षात पहिल्यांदा लिफ्टमध्ये शिरले.

टाचणीबाई संग्रहासाठी एक फुलपाखरू टाचण्यांनी फळीवर लावत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या, अगदी त्या सहीच्या दिवशीसारख्या, पण या वेळी त्या उठल्या आणि थेट त्या खोलीत गेल्या. फ्रिज आम्ही पुन्हा जागेवर सरकवला. बाई भिंतीवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. अठरा मिनिटं, मामा, एक शब्द नाही. मग ठक. रातकिडे गप्प. बाईंनी हात काढून आपल्या तळव्याकडे पाहिलं, तिथे काही छापून आल्यासारखं.

मग बोलल्या. म्हणाल्या, कारण कळले नाही हे लिहिलं तेव्हा ते खरं होतं, त्याची लाज वाटायचं काही नव्हतं. लाज वाटायची गोष्ट एवढीच की ते लिहून मी कारण शोधायचं सोडलं आणि जिने चढत बसले. मी जिन्याने का जाते ते त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. चौदा महिने त्या मी वर यायची वाट बघत होत्या. आणि शोधलं तर त्यांनी स्वतःही नाही, असंही म्हणाल्या. त्या फ्रिजपाशी त्या रोज जातात.

शिफारस देणार आहेत, पण एका अटीवर. मागे घेतलेला निबंध, माझं नाव, फ्रिज, सगळं एका पानावर लिहून अर्जाला जोडायचं. रंग न मारता. त्यामुळे प्रवेश गेला तर जाऊ दे, म्हणाल्या. मी लिहिलं. त्याची प्रत सोबत आहे. आता सहापैकी एक जागा या एका पानावर टांगलेली आहे आणि मला, आश्चर्य म्हणजे, भूक लागते आहे.

फ्रिज कुणी ओळखला असं बाईंनी विचारलं. सांगितलं. त्यावर एवढंच म्हणाल्या, त्यांना विचार, रिले कुठे मिळेल.

प्रवेश मिळो न मिळो, लोभाची जागा पक्की धरावी.

तुझी,
भोंगा


९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भोंगाने मला तुला सांगू नको म्हटलं होतं. मी सांगत नाही. सोबतचं पान फक्त पाठवतो. तिचा चेहरा वर्षभर कशाने पडला होता ते यात आहे, आणि तो आता कशाने वर आलाय तेही यात आहे.

तू माझी नाडी बघत होतीस तेव्हा मी पाचवा ठक मोजत होतो. म्हणून शूः म्हणालो. त्याबद्दल माफी.

लोभाबरोबर विश्वासही यथावकाश परत मिळावा.

तुझा,
भाऊ


१३ डिसेंबर

चि. कन्येस,
अ. आ.

तुझ्या मामाने तुझं पान पाठवलं. त्याच्यावर चिडू नकोस, ते काम माझं आहे.

वॉर्डात नवीन मुलगी आली की मी पहिल्या दिवशी एकच सांगते. चुकीचा डोस दिला गेला तर रडू नको, लपवू नको, पळत माझ्याकडे ये. जी पळत येते तिला मी ठेवून घेते. जी तक्त्यावर खाडाखोड करते तिला दुसऱ्या वॉर्डात पाठवते. तू चौदा महिने खाडाखोड करत होतीस. त्याबद्दल घरी आलीस की बोलू, तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढून ये. पण शेवटी पळत गेलीस.

पाण्याच्या लोकांना नकार कळव. वीस तारखेपर्यंत थांबू नकोस, आजच कळव. त्या जागेसाठी कुणी दुसरी मुलगी ताटकळत असेल. संस्थेने नाही घेतलं तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा, हेच पान लावून.

बाबांनी ते पान वाचलं आणि वर्तमानपत्र खाली ठेवलं. घडी घालून. मग म्हणाले, पोरगी बरोबर आहे. एवढे शब्द सलग ऐकून मीच खुर्चीवर बसले.

जेवणाची हेळसांड करू नये. बाकी आईचा लोभ अर्ज न करता मिळतो.

तुझी,
आई


२२ जानेवारी

तीर्थरूप मामास आणि तुझ्यामार्फत आईबाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मिळाली. सहातली एक. आईला आधी बसव, मग सांग.

मुलाखत तुला सांगायलाच हवी. समोर पाच जण. चौघांनी पुस्तकातलं विचारलं, मी पुस्तकातलं सांगितलं. ते पान सगळ्यांच्या पुढ्यात होतं आणि कुणी त्याचं नावच काढेना. मला वाटलं, संपलं. शेवटी टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या सरांनी कानातलं यंत्र नीट बसवलं आणि विचारलं, या वेळी फ्रिज सापडला हे ठीक, पण आज तुम्हाला जे ऐकू येत नाही ते काय आहे?

मामा, जे ऐकूच येत नाही ते सांगणार कसं? मी तेच सांगितलं. म्हटलं, मला ठाऊक नाही, आणि माझं मला कधी कळणारही नाही. म्हणून माझ्या खोलीत पहिला रातकिडा ठेवायच्या आधी मी असा माणूस आणून बसवणार, ज्याला माझी शांतता ऐकू येते. सर हसले. शेजारच्या बाईंना म्हणाले, हाच तो सख्खा मामा. म्हणजे तुझं पत्र टेबलांवरून फिरत फिरत तिथपर्यंतही गेलं होतं.

मला खोली मिळाली आहे. लांबट, एक खिडकी, चार भिंती, आणि त्यांच्यापलीकडे काय काय आहे देव जाणे. अजून रिकामी ठेवली आहे. तू ये. खुर्ची आणून ठेवते.

लोभ घेऊन यावा, अवजारं मी बघते.

तुझी,
भोंगा


२७ जानेवारी

चि. भोंगा हीस,
अ. उ. आ.

येतो. शुक्रवारी दुपारी पोचतो. खोलीतलं सगळं बंद ठेव, दिवेसुद्धा. एक खुर्ची पुरणार नाही, कारण ताई येतेय. ती म्हणते, तू डोळे मिटून बसणार तर नाडीवर कुणीतरी हवं. तुझ्या बाबांनाही आणतोय, ते एक असे गृहस्थ आहेत की त्यांच्यामुळे प्रयोगात व्यत्यय येणार नाही. टाचणीबाईंसाठी नवा रिले रुमालात बांधून घेतलाय. येताना वाटेत त्यांच्याकडे उतरून बसवून देतो आणि फ्रिजचा आखूड पायही सरळ करतो. पुठ्ठ्याची घडी मात्र मला हवी आहे, दुकानात काचेखाली लावीन.

तुझं पत्र आलं तेव्हा मी सगळे फ्रिज बंद केले आणि ते मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा चालू करायला उठलो आणि तसाच थांबलो. तू शिकायला गेल्यापासून दुकानात काहीतरी कमी आहे असं मला वाटायचं. दहादा शोधलं, कशाचा नट सैल झालाय का, कुठला पंखा अडकतोय का. त्या दिवशी शांततेत कळलं. फ्रिजांच्या मागून कुणी पाढे म्हणत नाही. बारा वर्षं तो आवाज दुकानात होता, आणि मी त्यालाच शांतता समजत होतो. तेव्हा हे एकट्या तुझंच दुखणं नाही, घराण्यात आहे.

मी तसाच उभा होतो तर त्या शिंपीणबाई आल्या. सगळं बंद, मी डोळे पुसतोय, हातात पत्र. त्यांनी चपला दारातच काढल्या आणि दबल्या आवाजात विचारलं, या वेळी कोण गेलं.

मी म्हटलं, भाची. आमची भाची पुढे गेली.

त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि बराच वेळ माझं सांत्वन करत होत्या. मला खुलासा करायला अठरा मिनिटं लागली.

लोभ असाच चालू राहावा, मध्ये ठक न करता.

तुझा,
सख्खा मामा